दाराकडे वळेपर्यंत

बसमध्ये तिकिटं तपासणाऱ्या माणसाने निवृत्त झाल्यावर करायचं काय, हे कोणी शिकवत नाही. त्यामुळे आपल्या या तपासनिसांनी पहिले दोन महिने घरातच तपासणी सुरू केली. दुधाच्या पिशवीवरची तारीख, गॅसचं बटण, चपलांच्या जोड्या, बायकोने पुरवणी आधी वाचली की मुख्य अंक. बायको बिचारी एकोणचाळीस वर्षं सोसत आली होती, पण मिठाच्या बरणीवर 'उघडल्याची तारीख' अशी चिठ्ठी दिसली आणि तिने हात टेकले.

"अहो, जरा समुद्राकडे फिरून या," ती म्हणाली. "आणि घाईने परत येऊ नका."

तपासनीस गेले. धक्क्यावर दहाबारा माणसं ओळीने काठ्या समुद्रात रोखून बसली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खिशावर नजर ठेवलेला माणूस, तो लाटा काय बघणार? ते माणसंच बघत चालले. आणि धक्क्याच्या टोकाला, पालथ्या बादलीवर, त्यांना ती दिसली. हिरवी टोपी.

आता ही टोपी कोणाची ते सांगायला हवं, नाहीतर तपासनिसांच्या तळपायाची आग मस्तकात का गेली ते कळणार नाही. नोकरीच्या शेवटच्या अकरा वर्षांत प्रत्येक कंडक्टर एकच तक्रार करायचा: हिरव्या टोपीतला एक बुटका माणूस, काखेत फोमची गुंडाळी, कधी म्हणून तिकीट काढत नाही. धंद्याने खुर्च्यांच्या गाद्या बसवणारा कारागीर. तपासनिसांनी त्याच्यासाठी डायरीत वेगळं पान ठेवलं होतं. रोज कोणत्या मार्गावर जायचं हे ते सकाळी चहा पिताना ठरवत, डेपो मॅनेजरलाही पत्ता लागू देत नसत. तरी व्हायचं काय, तर तपासनीस सतरा नंबरमध्ये चढावेत आणि समोरून येणाऱ्या नऊ नंबरच्या खिडकीतून हिरव्या टोपीने हात हलवावा. दुसऱ्या दिवशी ते नऊ नंबरमध्ये, की टोपी सतरामध्ये. पुन्हा हात हलवणं आहेच, आणि तेही अगदी आपुलकीने!

बाकी कोणी म्हणजे कोणी त्यांच्या हातून सुटलं नव्हतं. उलट या अकरा वर्षांत त्यांच्या बसमध्ये एकही विनातिकीट माणूस सापडला नाही. निरोपाच्या दिवशी डेपोने त्यांना पितळी ढाल दिली, तिच्यावर कोरलं होतं, 'ज्यांच्या नुसत्या चाहुलीने प्रवासी तिकीट काढत'. ती ढाल बैठकीत टीव्हीच्या वर होती. पण खरं सांगायचं तर तिच्याकडे बघताना रोज तपासनिसांच्या घशात एक हिरवा घास अडकायचा. हा एकटा कसा निसटला? बातमी देत कोण होतं? ड्रायव्हर? कँटीनवाला? हे कळल्याशिवाय त्यांना मरायचंसुद्धा नव्हतं.

"नमस्कार साहेब," हिरवी टोपी वळूनही न बघता म्हणाली. "बसा. ही बादली घ्या."

"मी उभा बरा आहे," तपासनीस म्हणाले. "मला एकच सांगा. तुम्हाला रोज कळायचं कसं?"

टोपीवाल्याने काठी खाली ठेवली आणि गालातल्या गालात हसत त्यांच्याकडे पाहिलं. "सांगतो की. पण फुकट नाही. आयुष्यभर फुकट हिंडलो, आता फुकट काही द्यायचं नाही असं ठरवलंय. या धक्क्यावरून स्वतःच्या हाताने एक मासा धरून दाखवा. त्या दिवशी सगळं सांगतो."

तपासनिसांना माशाच्या वासाने मळमळायचं. पण अकरा वर्षांचा प्रश्न होता. दुसऱ्याच दिवशी ते दुकानातून काठी, रीळ, नायलॉनची दोरी, शिशाची वजनं आणि गळांची डबी घेऊन धक्क्यावर हजर झाले. सोबत डायरी होतीच.

पहिल्या दिवशी त्यांनी गळाला गाठ मारली, टोपीवाल्याने ती दोन बोटांनी ओढली, आणि गळ अलगद त्याच्या हातात आला.

"नायलॉन निसरडं असतं साहेब. गाठ आवळण्याआधी थुंकी लावा."

"थुंकी?"

"एवढी वर्षं थुंकी लावून तिकिटांचे गठ्ठे मोजलेत ना? तीच."

दुसऱ्या दिवशी फेकण्याचा धडा. रिळावर तारेची एक कडी असते. ती उघडायची, दोरी बोटावर धरायची, काठी मागून पुढे आणायची आणि नेमक्या क्षणी बोट सोडायचं. तपासनीस कडी उघडायला विसरले. काठी सूं करून फिरली, दोरी तटकन तुटली आणि शिसं एकटंच समुद्रात गेलं. खूप लांब गेलं, हे मात्र मान्य करायला हवं. सगळ्या धक्क्याने टाळ्या वाजवल्या. त्यातच त्यांचा डावा खांदा वर जाईना. बारा वर्षांपूर्वी एका धटिंगणाने, तिकीट विचारलं म्हणून, त्यांना चालत्या बसमधून ढकललं होतं. गळपट्टीचं हाड मोडलं, दीड महिना हात झोळीत होता.

"खांद्याला काय झालं?" टोपीवाल्याने विचारलं. तपासनिसांनी सांगितलं. एरवी प्रत्येक गोष्टीवर टपली मारणारा तो माणूस या वेळी आपली काठी ठेवून त्यांच्याजवळ आला. मग म्हणाला, "एवढ्या लांब फेकायची गरजच नाही. नवशिक्याला वाटतं मासा क्षितिजावर राहतो. तो इथे असतो, खालच्या दगडांत, आपल्या पायाशी. नुसती खाली सोडा."

तेव्हापासून ते खाली सोडू लागले. भरतीचे शेवटचे दोन तास चांगले, हे डायरीत लिहिलं. कोलंबी सोलून गळावर कशी ओवायची, टोक किती बाहेर ठेवायचं, तेही लिहिलं. एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली, की आपण कितीही वाजता गेलो तरी टोपीवाल्याच्या शेजारची जागा रिकामी असते आणि तिथे एक बादली पालथी घातलेली असते. त्यांना वाटलं, आपला दरारा अजून शाबूत आहे.

मासा मात्र येईना. दोरीला टुकटुक झालं रे झालं की तपासनीस सर्व ताकदीने काठी वर खेचत. वर काय येई? रिकामा गळ. कोलंबी गेलेली. पुन्हा टुकटुक, पुन्हा झडप, पुन्हा रिकामा गळ. दगडांतली चिल्लीपिल्ली मासळी त्यांच्या खर्चाने गुबगुबीत होत होती. तिसऱ्या आठवड्यात एकदा काठी खरंच वाकली. तपासनिसांनी ओरडत दोरी गुंडाळली, आणि वर आला एक फुगा मासा. धक्क्यावर येताच तो रागाने टम्म फुगला आणि त्यांच्याकडे डोळे वटारून बघू लागला.

"पकडला!" तपासनीस म्हणाले. "आता सांगा."

"हा चालत नाही साहेब. विषारी असतो, खाता येत नाही. शिवाय आमचा नियम आहे, वीतभर तरी हवा. लहान असेल तर सोडून द्यायचा."

"नियम आधी सांगायला हवा होता!"

"आता सांगितला ना."

तपासनिसांनी त्याच्या बोटांची वीत आणि स्वतःची वीत यांतला फरक डायरीत नोंदवला आणि फुग्याला सोडून दिलं. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय मिळालं?" ते म्हणाले, "काही नाही." त्यावर ती इतकी गोड हसली की त्यांना संशय यायला हवा होता. पण नवरा नावाचा माणूस घरात तपासणी करतो ती नेहमी भलत्याच गोष्टींची.

सहाव्या आठवड्यात टोपीवाला वैतागला. तो काही साधुसंत नव्हता. "अहो साहेब, केवढी ती घाई! टोचलं की ओढता. बसमध्ये पण असंच करायचात का?"

"अजिबात नाही," तपासनीस ताठ झाले. हा त्यांच्या कामाचा अपमान होता. "बसमध्ये चढलो की मी कोणाकडे बघायचोसुद्धा नाही. पाठ करून उभा राहायचो, खिडकीच्या काचेत बघत. तपासनीस दिसला की सगळेच खिसा चाचपतात. तिकीट असलेलेही चाचपतात. चाचपण्यावर कोणी झडप घालू लागला तर दिवसभर निरपराध लोकांशी भांडत बसेल. थांबायचं असतं. तिकीट नसलेला माणूस चाचपतो, मग उठतो, मग दाराकडे वळतो. वळला की..."

ते बोलता बोलता थांबले. टोपीवाला समुद्राकडे बघत होता. त्याच्या मिश्या हलत होत्या.

"काय झालं साहेब?"

"काही नाही," तपासनीस म्हणाले. "जरा ती कोलंबी द्या."

त्यांनी गळ खाली सोडला, दोरी ताठ केली, आणि काठीकडे चक्क पाठ करून उभे राहिले. दोरी मात्र तर्जनीवर धरलेली. टुक. खिसा चाचपतोय. टुकटुक. दुसरा खिसा. बोट शिवशिवत होतं, पण ते रस्त्याकडे बघत राहिले, जणू पुढचा थांबा कोणता याचीच त्यांना काळजी. मग टुकटुक थांबलं. दोरी किंचित सैल झाली, उठला. आणि मग बोटावर एक सरळ, निश्चिंत, जड ओढ आली.

"वळला!" असं ओरडून तपासनिसांनी काठी उचलली. ती अर्ध्यातून वाकली. रीळ करकरलं. कोणीतरी "दोरी सैल नका सोडू" म्हणत होतं, कोणी "हळू, हळू". उजवा हात भरून आला, डावा खांदा ठणकू लागला, आणि पाच मिनिटांनी धक्क्याच्या ओल्या दगडावर एक रुपेरी, काळ्या पट्ट्यांचा मासा तडफडत होता. टोपीवाल्याने वीत लावली. दीड भरली. तपासनिसांनी स्वतःचीही लावून बघितली. मग ते बादलीवर बसले. एवढा आनंद त्यांना ढाल घेतानाही झाला नव्हता.

"आता सांगा," ते म्हणाले.

टोपीवाल्याने डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"साहेब, तुमचं घर डेपोच्या समोर, बेकरीच्या वर. सगळ्या बस तुमच्या गॅलरीखालून जातात. बरोबर? सकाळी गॅलरीत टॉवेल वाळत असतो. निळा असला तर तुम्ही सतराला. पिवळा असला तर नऊला. लाल असला तर बावीसला. पांढरा म्हणजे साहेब आज घरीच."

तपासनिसांच्या हातातला मासा पुसायचा फडका खाली पडला.

"मला एकट्यालाच नाही, बेकरीवाल्यापासून इस्पितळातल्या नर्सपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. निळा दिसला की सतरा नंबरच्या रांगेत झाडून सगळे सुटे पैसे काढून उभे. म्हणून तुमच्या बसमध्ये कोणी सापडायचं नाही. मी तेवढा नालायक. मी दुसऱ्या बसने जायचो आणि हात हलवायचो. मजा यायची हो."

"टॉवेल," तपासनीस म्हणाले.

"आणि आता हिरवा. हिरवा म्हणजे तुम्ही धक्क्याकडे निघालात. मी येताना बघतो आणि तुमची बादली मांडून ठेवतो."

"म्हणजे तुम्ही अजून बसने येता? तिकीट काढता ना आता तरी?"

"काय साहेब, या वयात!" टोपीवाला म्हणाला आणि गळाला कोलंबी लावण्यात फार गुंतला.

घरी जाताना तपासनिसांनी मासा पिशवीत धरला होता, पण डोक्यात ती पितळी ढाल होती. नुसत्या चाहुलीने! अकरा वर्षं आपण छाती काढून बसमध्ये चढत होतो आणि वर गॅलरीत आपल्या जरबेचा टॉवेल वाळत होता. त्यांना राग आला, लाज वाटली, आणि सगळ्यात जास्त म्हणजे वाईट वाटलं. चोर सापडला याचं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच बरं वाटलं नाही. चोर घरातच होता आणि रोज डबा भरून देत होता.

त्यांनी काही विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन सिंकपाशी बायकोकडे पाठ करून उभे राहिले आणि माशाचे खवले काढू लागले. सिंकच्या वरच्या खिडकीच्या काचेत ती दिसत होती.

"अगं बाई, मिळाला की!" ती म्हणाली. "मग आता... तो टोपीवाला बोलला असेल काहीबाही."

तपासनीस खवले काढत राहिले.

बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. फडताळ उघडलं, बंद केलं. चाचपतेय, तपासनिसांनी मनात म्हटलं. थांबायचं. ती स्टुलावर बसली, पुन्हा उठली. मग कपड्यांची बादली उचलून म्हणाली, "मी जरा कपडे घालून येते वाळत," आणि गॅलरीच्या दाराकडे वळली.

"निळा टॉवेल विरला का गं?" तपासनीस म्हणाले.

बादली खाली आली. तिने येऊन नळ बंद केला.

"त्या माणसाने ढकललं तेव्हा मला डेपोतून फोन आला होता," ती म्हणाली. "धावत इस्पितळात आले. तुम्ही डोळे उघडलेत, मला बघितलंत, आणि पहिलं काय विचारलंत आठवतंय? त्याच्याकडे तिकीट होतं का म्हणून. मी कोण, कुठून आले, जेवले का, काही नाही. तेव्हाच ठरवलं, या माणसाला यापुढे कोणी सापडायलाच नको. नोकरी सोडा म्हटलं असतं तर सोडली असतीत?"

"नाही."

"मग? चार टॉवेल घेतले आणि बेकरीवाल्याच्या कानात सांगितलं. बाकीचं काम त्याने केलं. अकरा वर्षं तुम्ही संध्याकाळी धड अंगाने घरी आलात. मला त्या ढालीचं काही सांगू नका. ती रोज मीच पुसते."

तपासनीस वळले. हाताला खवले चिकटलेले, खांद्यावर फडका. त्यांना खूप काही सुनवायचं होतं. पण आपल्यावर कोणी इतकी वर्षं, इतक्या चोरून, एवढी माया करत होतं आणि आपण कंडक्टरांच्या डायऱ्या तपासत बसलो, याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी कोपराने पुसलं आणि तिथेही एक खवला चिकटला. तो बायकोने नखाने काढला.

"ढालीवर अर्धं नाव तुझं हवं," ते शेवटी म्हणाले.

"नको. मग अर्धी तुम्ही पुसाल, आणि पितळ पुसायचं तुम्हाला येत नाही."

दुसऱ्या दिवशी चहा पिताना तिने सवयीने विचारलं, "आज कुठे?"

"धक्क्यावर."

ती हिरवा टॉवेल घेऊन गॅलरीकडे निघाली. तपासनिसांनी कप खाली ठेवला. "अगं," ते म्हणाले, "आज पांढरा घाल."

बायकोने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग तिचे डोळे असे चमकले की एकोणचाळीस वर्षांतली वीसेक तरी गळून पडली. पांढरा टॉवेल तिने कठड्याच्या अगदी मध्यावर, चारही चिमटे लावून, नीट ताणून घातला.

तपासनीस मागच्या दाराने उतरले, बेकरीच्या बोळातून गेले आणि दोन थांबे चालून धक्क्याकडे जाणाऱ्या सतरा नंबरची वाट बघत उभे राहिले. बस आली. ते पुढच्या दाराने चढले, तिकिटं घेतली.

"दोन कशाला साहेब?" कंडक्टरने विचारलं. "एकटेच आहात ना?"

"कळेल."

मग ते बसच्या मध्यावर येऊन, पाठ करून, काठी हातात धरून, काचेत बघत उभे राहिले. शेवटच्या बाकावर हिरवी टोपी ऐसपैस बसली होती. पायात बादली, मांडीवर काठी, चेहरा खिडकीबाहेर. कंडक्टर एकेका बाकावरून मागे सरकू लागला. टोपीने खिसा चाचपला. तपासनिसांचं बोट शिवशिवलं. पण ते हलले नाहीत. टोपीने दुसरा खिसा चाचपला, पुढे नजर टाकली, आणि समोरची ती ओळखीची पाठ बघून तिचा चेहरा उतरला. टोपी उठली, बादली उचलली. थांबा जवळ येत होता. टोपी मागच्या दाराकडे वळली.

तपासनिसांची दहा फुटी काठी मागच्या दारावर आडवी झाली.

"तिकीट?"

टोपीवाला जागच्या जागी थिजला. सगळी बस मागे वळून बघत होती. "साहेब," तो कसाबसा म्हणाला, "टॉवेल तर पांढरा होता!"

"हो. माझ्या बायकोने घातला."

कंडक्टरने डोळे मोठे केले. "साहेब, हाच का तो? नाव लिहून घेऊ?"

तपासनिसांनी टोपीवाल्याला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं आणि हाताची वीत पसरून त्याच्या खांद्यापासून डोक्यापर्यंत लावून बघितली. "नको," ते म्हणाले. "लहान आहे. सोडून देतो." मग खिशातून दुसरं तिकीट काढून त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवलं, मूठ मिटवली आणि म्हणाले, "बसा. धक्का अजून तीन थांबे आहे. आणि हे जपून ठेवा, मी पुढच्या थांब्यावर पुन्हा तपासणार आहे."